नरपुंगव आणि बैलोबा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मराठवाड्यात बैलाची खांदेमळणी होते. वर्षभर जू घासून निबर झालेला खांदा कोमट पाण्यानं धुतात, त्यावर हळद-तूप चोळतात. दुसऱ्या दिवशी त्याच बैलाच्या अंगावर झूल चढते, कपाळाला बाशिंग बांधतात, पुढ्यात पुरणपोळी येते आणि घरातली थोरली माणसंसुद्धा त्याच्या पाया पडतात. आठवडा उलटत नाही तोच त्याच घरात एखाद्या पोराचं गणित चुकतं आणि आवाज चढतो, "नुसता बैल आहेस!"

पूजा खोटी नसते आणि शिवीही मनापासूनच दिलेली असते. मग एका शब्दात पूज्यपणा आणि मूर्खपणा शेजारी शेजारी कसे नांदतात? संस्कृतकडे पाहिलं तर कोडं आणखी वाढतं. तिथे 'नरपुंगव' म्हणजे माणसांतला श्रेष्ठ आणि पुंगव म्हणजे बैलच. गीतेत अर्जुनाला 'भरतर्षभ' म्हणतात, त्यातला ऋषभही बैलच. संस्कृतातला नरपुंगव मराठीत येईपर्यंत बैलोबा कसा झाला?

बाजारात बैल पारखताना

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या रेल्वेमार्गावर, गंगापूर तालुक्यात लासूर स्टेशन लागतं. शिवना नदीकाठचं, दाक्षायणी देवीचं लासूरगाव वेगळं. रुळांभोवती वाढलेली ही पेठ वेगळी. कांदा आणि जनावरं यांच्या व्यवहारासाठी ती पंचक्रोशीत ओळखली जाते. आपल्या कोड्याची किल्ली अशाच बैलबाजारात सापडते.

एकाच बैलाभोवती चार गिऱ्हाइकं उभी असतात. एक जण जबडा उघडून दात बघतो. कायमचे दात आलेच नसतील तर तो 'आदत', दोन आले की 'दुसा', चार आले की 'चौसा'. दातांवरून वय कळतं. दुसरा खांदा चाचपतो, कारण त्याला औताला जुंपायचा आहे. तिसरा खूर आणि चाल बघतो, त्याला गाडीला हवा आहे. चौथा अंगावरचे भोवरे शोधतो, कारण त्याच्या घरात शुभ-अशुभ मानतात. बैल एकच, पण ज्याला जे काम करून घ्यायचं तेच त्याच्या नजरेत भरतं.

भाषा नेमकं हेच करते. जनावराच्या अंगी दहा गुण असतात: ताकद, चिकाटी, संथपणा, हट्ट, आज्ञाधारकपणा, गरम डोकं. भाषा सगळे उचलत नाही. तिच्या बोलणाऱ्यांचा त्या जनावराशी ज्या कामातून संबंध आला, त्या कामात ठळक दिसणारा गुण ती उचलते आणि माणसाला चिकटवते. म्हणून एखादा वाक्प्रचार समजून घ्यायचा तर आधी विचारावं, की हा बैल कुठे उभा आहे? नांगराला, घाण्याला, देवळाच्या दारात की रिंगणात?

वळू आणि बैल: मान कुठे हरवला

संस्कृतातले वृषभ, ऋषभ आणि पुंगव हे शब्द मोकळ्या, माजावर आलेल्या, कळपाचं नेतृत्व करणाऱ्या नराचं चित्र उभं करतात. असा नर कळपात एखादाच असतो, म्हणून तो श्रेष्ठपणाची खूण झाला. अमरकोशात तशी नोंदही आहे: व्याघ्र, सिंह, कुंजर, पुंगव, ऋषभ असे शब्द समासाच्या शेवटी आले, की त्यांचा अर्थ 'श्रेष्ठ' असा घ्यावा.

मराठी 'बैल' हा प्राकृतातल्या 'बइल्ल'चा वंशज. मात्र आपण बैल म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर येतो तो खच्ची केलेला, वेसण घातलेला, सांगेल तिकडे वळणारा कामकरी. मोकळ्या नराला मराठीनं 'वळू' असं वेगळं नाव दिलं. वाढत्या वयाला तर नावांची रांगच आहे: वासरू, मग गोऱ्हा, मग खोंड, आणि कामाला लागला की बैल. 'बैल' हा शब्द जातीपेक्षा कामाचाच जास्त आहे.

कोडं इथे सुटायला लागतं. पुंगव आणि बैल एकाच जातीचे असले तरी दोघांची आयुष्यं वेगळी आहेत. एक कळपाचा राजा, दुसरा दुसऱ्याच्या हुकमाचा ताबेदार. माणसाला पहिल्याची उपमा दिली तर गौरव होतो आणि दुसऱ्याची दिली तर 'स्वतःची अक्कल नसलेला' असा अर्थ निघतो. हिंदीत मूर्खाला 'बछिया का ताऊ', म्हणजे कालवडीचा काका म्हणतात. बंगालीत 'बलद' ही थेट शिवी आहे. इंग्रजीतही हीच फाळणी दिसते. तिथे 'बुल' आडदांड आणि धडक देणारा, तर 'ऑक्स' कष्टाळू आणि मंद. तेराव्या शतकातला थोर तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस अबोल होता, म्हणून सहाध्यायांनी त्याला 'मुका बैल' असं नाव ठेवल्याची कथा सांगतात.

ज्या क्रियेनं वळूचा बैल होतो, तिनंही मराठीला शब्द दिला. कुणाचं 'मनोबल खच्ची केलं', एखाद्या संस्थेचं 'खच्चीकरण झालं' असं आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. त्या शब्दाचं मूळ गोठ्यात आहे.

पोळ्याला पाया पडणारा शेतकरी बैलाचे कष्ट पाहतो. शिवी देणारा त्याची परवशता पाहतो. दोन्ही गोष्टी एकाच बैलात खऱ्या असतात.

सात भाषांतला घाण्याचा बैल

दिवसभर राबून जिथल्या तिथे राहणाऱ्या माणसाला आपण 'घाण्याचा बैल' म्हणतो. जुना तेलघाणा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: खोलगट पात्रात तीळ, करडई किंवा शेंगदाणे घालतात. त्यात एक जाड दांडा उभा असतो. त्याला जोडलेली आडवी लाकडी दांडी बैल ओढतो आणि पात्राभोवती गोल फिरत राहतो. दांडा फिरतो, दाणे चिरडतात, तेल सुटतं. सतत फिरून बैल बिचकू नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर झापड बांधतात. संध्याकाळपर्यंत तो कित्येक कोस चालतो आणि सकाळच्याच जागी उभा असतो.

आता शेजारच्या भाषा पाहा. हिंदीत 'कोल्हू का बैल', गुजरातीत 'घांचीनो बळद', बंगालीत 'कलूर बलद', कन्नडमध्ये 'गाणद एत्तु', तेलुगूत 'गानुगेद्दु', तमिळमध्ये 'चेक्कु माडु'. मराठी धरून सात भाषा, आणि सगळीकडे तोच बैल तसाच गोल फिरतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की मराठी, हिंदी, गुजराती आणि बंगाली या एका कुळातल्या आहेत आणि कन्नड, तेलुगू, तमिळ या द्राविड कुळातल्या. बैलासाठी त्यांचे शब्दही निराळे आहेत: कन्नड 'एत्तु', तेलुगू 'एद्दु' आणि तमिळ 'एरुदु' ही एकमेकांची भावंडं आहेत, आपल्या 'बैला'शी त्यांचं नातं नाही. म्हणजे हा वाक्प्रचार एखाद्या समान आजीकडून वारशात आलेला नाही. सगळ्यांकडे यंत्र सारखं होतं आणि त्याला जुंपलेलं जनावरही सारखं होतं, म्हणून उपमाही सारखी सुचली, किंवा एकाला सुचली ती दुसऱ्याला लगेच पटली. कामाची समानता भाषाकुळाच्या भिंती अशी सहज ओलांडते.

मान डोलावणारा नंदी

दुसरा बैल दारोदार फिरतो. 'नंदीबैलासारखी मान डोलावणं' म्हणजे समजो न समजो, होला हो करत राहणं. गुबूगुबू वाजतं, मालक विचारतो, "पाऊस पडंल का?" आणि सजवलेला नंदी मान हलवतो. तेलुगूत या बैलाला 'गंगिरेद्दु' म्हणतात, कन्नडमध्ये 'कोले बसव' आणि तमिळमध्ये वाद्याच्या आवाजावरून 'बूम बूम माडु'. तिन्ही भाषांत होयबाला हीच उपमा देतात.

इथे वाक्प्रचाराबरोबर माणसंही फिरलेली दिसतात. महाराष्ट्रातल्या तिरमल नंदीवाल्यांचं मूळ आंध्रकडे जातं आणि त्यांची घरगुती बोली तेलुगूशी जवळीक सांगते. मराठवाडा तर १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात होता. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं एका राज्यात, एकमेकांच्या बाजारांत वावरत होती. खेळ फिरला, तशी त्याची उपमाही फिरली.

त्याच कन्नड 'बसव' शब्दाला आणखी एक बाजू आहे. तो 'वृषभ'पासून आला आणि बाराव्या शतकातल्या महात्मा बसवेश्वरांच्या नावात पूज्य होऊन बसला. दारात मान हलवणारा तोही बसव आणि विचारांनी समाज हलवणारे तेही बसव.

कन्नड आणि तेलुगू म्हणींत बैल नेहमीच मूर्ख नसतो. 'बैल व्याला म्हणताच, बांधा त्याला गोठ्यात म्हणाले' अशा अर्थाची कन्नड म्हण ऐकणाऱ्याच्या भोळेपणावर बोट ठेवते. तेलुगूत विचारतात, 'बैलाची जखम कावळ्याला दुखते का?' जुवाखाली सोललेल्या मानेवर चोच मारणारा कावळा ज्यानं पाहिला, त्यालाच ही म्हण सुचणार. दुसऱ्याच्या दुःखाबद्दलची बेपर्वाई इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी म्हण शोधावी लागेल.

झोपा सगळेच करतात, पण धडा वेगळा

'बैल गेला आणि झोपा केला' ही आपली म्हण. झोपा म्हणजे काट्याकुट्यांचं, कुडाचं दार. बैल निघून गेल्यावर गोठ्याला दार लावण्यात काय अर्थ?

हीच म्हण कोरियन भाषेत जवळजवळ शब्दशः आहे: 'गुरं गमावून गोठा दुरुस्त करणं'. कोरियातही भातशेतीची सगळी भिस्त बैलावर होती. ते जनावर गेलं की घरदार बसलं. इंग्रजीत त्याच जागी घोडा येतो. तो पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावतात. जनावर बदललं तरी तिघांचाही धडा एकच: वेळ गेल्यावर शहाणपण कामाचं नाही.

चिनी भाषेत मात्र गंमत होते. तिथे मेंढी हरवते आणि कुंपण दुरुस्त होतं. चित्र तेच, पण सल्ला उलटा: अजून उशीर झालेला नाही, आता तरी कुंपण नीट करा. असं का व्हावं? मेंढ्या कळपानं असतात. एक गेली तरी बाकीच्या वाचवता येतात. शेतकऱ्याची बैलजोडी मात्र एकच असते. त्यातला एक गेला की पेरणीच बसते. हे माझं अनुमान आहे, पण जनावराची संख्या बदलली की म्हणीचा सूर बदलू शकतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

चिनी 'न्यू', म्हणजे बैल किंवा गाय, याचे आणखी नमुने पाहण्यासारखे आहेत. बढाई मारण्याला ते 'बैल फुंकणं' म्हणतात. अडेल स्वभाव म्हणजे 'बैलाचा स्वभाव'. आजची तरुण पिढी तर नुसतं 'न्यू' म्हणून 'भारी!' अशी दाद देते. आपण 'गाढवापुढे वाचली गीता' म्हणतो, हिंदी भाषक म्हशीपुढे बीन वाजवतात आणि चिनी लोक बैलापुढे तंतुवाद्य छेडतात. अरसिक श्रोता प्रत्येकाकडे आहे, फक्त त्याचं जनावर ज्यानं त्यानं आपापल्या गोठ्यातून निवडलं.

स्पेनमध्ये बैल रिंगणात उतरतो, म्हणून तिथे 'कठड्याआडून बैल पाहणं' म्हणजे धोका न पत्करता बघ्याची भूमिका घेणं. आपण त्याला 'काठावर बसून बघणं' म्हणतो. आपल्या भाषेत बैलाशी झुंजण्याच्या म्हणी फारशा दिसत नाहीत, कारण आपलं त्याच्याशी नातं झुंजीपेक्षा सोबतीचं राहिलं. म्हणून आपल्याकडे 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' अशी संगतीची म्हण रुजली. ढवळ्या म्हणजे धवल, पांढरा. वाण म्हणजे रंग. रंग लागला नाही, पण खोड लागली.

पैशात, खिडकीत आणि अक्षरात

पूर्वी माणसाची श्रीमंती खुंट्याला बांधलेली असे. लॅटिनमध्ये गुराढोरांना 'पेकुस' म्हणत, त्यापासून पैशाचा 'पेकुनिया' झाला. इंग्रजीत गुरांचा 'कॅटल' आणि भांडवलाचा 'कॅपिटल' हे एकाच मुळाचे. जुन्या तमिळमध्ये 'माडु' म्हणजे धनसुद्धा. तिरुक्कुरळमध्ये तो त्या अर्थानं आला आहे. आपण 'पशुधन' म्हणतो ते त्याच भावनेनं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सट्टेबाजांनी भाव चढण्यावर पैसे लावणाऱ्याला 'बुल' म्हटलं. आज मुंबई शेअर बाजाराच्या दारात ब्राँझचा बैल उभा आहे. मराठीनं पुतळा घेतला, पण शब्द आपलाच 'तेजी' ठेवला. आणि का ठेवू नये? 'बैलबाजार' म्हटलं की मराठी माणसाला खरा बैल आठवतो. कुर्ला आणि कल्याणमध्ये तर त्या नावाच्या वस्त्याच आहेत.

संस्कृतात झरोक्याला 'गवाक्ष', म्हणजे गाई-बैलाचा डोळा म्हणतात. फ्रेंच भाषेतही छोट्या गोल खिडकीचं नाव 'बैलाचा डोळा' असंच आहे. 'गवेषणा' म्हणजे संशोधन, मुळात गाईंचा शोध. आपण मुलांना सांगतो ती 'गोष्ट' संस्कृत 'गोष्ठी'वरून आली आणि गोष्ठी 'गोष्ठ'वरून, म्हणजे गोठ्यावरून. गुरांच्या जागी माणसं जमली, बोलली आणि त्या बोलण्याची गोष्ट झाली.

लिपीतही बैल आहे. प्राचीन फिनिशियन लिपीचं पहिलं अक्षर 'आलेफ', म्हणजे बैल. शिंगांसकट त्याचं डोकं काढलेलं होतं. ते फिरत फिरत रोमन लिपीतलं 'ए' झालं. तो 'ए' उलटा करून पाहा, शिंगं वर येतात. आपल्या जिल्ह्यातल्या उर्दू शाळांत मुलं जो 'अलिफ' गिरवतात, तो त्याच आलेफचा वंशज. प्राचीन ग्रीक लेखनात एक ओळ डावीकडून आणि पुढची उजवीकडून लिहायची एक रीत होती. तिचं ग्रीक नाव सांगतं: नांगराचा बैल वळतो तशी.

बैल जातात, त्यांची दोरी उरते

आपल्या भागात बैल किती जुना? श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला, प्रवरेच्या काठी, १९७४ मध्ये कांस्याच्या चार मूर्ती सापडल्या. त्यातली एक म्हणजे दोन बैल जोडलेला रथ. तो उत्तर हडप्पाकालीन मानतात. मराठी भाषा जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून इथे बैलजोडी जुवाखाली होती. हा 'जू' शब्दही तितकाच पुराणा. तो संस्कृत 'युग'चा वंशज आहे आणि योग, युगुल, इंग्रजीतला 'योक' हे सगळे त्याच मुळाचे आहेत.

गंमत अशी, की बैलापेक्षा त्याच्या साजानं मराठीत जास्त मजल मारली. वेसण म्हणजे नाकातली दोरी. बातमीदार लिहितो 'महागाईला वेसण'. कासरा म्हणजे हाकायची दोरी; अधिकारी 'कासरा ढिला सोडतो'. पळपुट्या जनावराच्या गळ्यात अडकवलेला ओंडका म्हणजे लोढणं. कर्जदाराच्या गळ्यात कर्जाचं 'लोढणं' असतं. कुणाच्या 'दावणीला' कोण बांधलेला आहे, हे निवडणुकीत ठरतं. नव्या सुनेला कामाला 'जुंपतात' आणि भावाभावांत 'जुंपते'. वय विसरून पोरांत मिसळणारा 'शिंगं मोडून वासरांत शिरतो'. विचार पक्का करायला आपण त्याचं 'रवंथ' करतो. हे सगळे शब्द शहरातला माणूस रोज वापरतो. कासरा हातात धरलेला मात्र विरळा.

आणि खरा बैल झपाट्यानं कमी होतोय. देशातल्या गोवंशातले नर २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ६.८ कोटी होते, २०१९ मध्ये ४.७ कोटी उरले. सात वर्षांत तीस टक्क्यांची घट. नांगरट, पेरणी, मळणी सगळं ट्रॅक्टर आणि यंत्रांकडे गेलं. काम गेलं की त्या कामातून जन्मलेला अर्थ पुसट होतो. म्हण तोंडात राहते, पण तिच्यातलं चित्र दिसेनासं होतं. आज 'झोपा' ऐकून अनेक मुलांना झोप आठवते, ती याच कारणानं.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या हातात आहे. आदत-दुसा-चौसा अशी वयं, ढवळा-पवळा असे रंग, भोवऱ्यांची नावं, जुवाच्या आणि गाडीच्या प्रत्येक भागाचं नाव, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्याची खुणांची भाषा: हे सगळं माहीत असलेली माणसं लासूर स्टेशनसारख्या बाजारांत आजही भेटतात. शाळांनी आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी मुलांना वही-मोबाईल देऊन एका बाजाराच्या दिवशी तिथे पाठवावं. वस्तूचा फोटो घ्यावा, बोलणाऱ्याच्या आवाजात तिचं नाव टिपावं, त्यावरचा वाक्प्रचार पुढे लिहावा. शब्दकोशाला जे जमत नाही ते यातून होईल: शब्दाबरोबर त्याचं काम जपलं जाईल. आणि काम कळलं, की बैल हा शब्द गौरवाचा का आणि शिवीचा का, हे मुलांना कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

चौकट: थोडक्यात

• भाषा जनावराचे सगळे गुण घेत नाही. बोलणाऱ्यांच्या कामात जो गुण ठळक दिसतो तोच घेते.

• संस्कृतातले पुंगव, ऋषभ म्हणजे मोकळा नर, म्हणून 'श्रेष्ठ'. मराठी बैल म्हणजे खच्ची केलेला कामकरी, म्हणून कष्टाळू आणि 'बिनडोक'ही.

• 'घाण्याचा बैल' दोन भाषाकुळांतल्या सात भाषांत सापडतो, कारण घाणा सगळीकडे होता.

• 'बैल गेला आणि झोपा केला' याचा कोरियन जुळा आहे. चिनी भाषेत हेच चित्र उलटा, आशेचा सल्ला देतं.

• वेसण, कासरा, लोढणं, दावण, जुंपणं हे शब्द बैलाच्या साजातून थेट राजकारणात आणि घरात आले. ते तोंडी आहेत तोवरच त्यांच्या मागचं काम नोंदवून ठेवायला हवं.